छापखान्याच्या नावापर्यंत

माझा रिक्षाचा बॅच, म्हणजे बिल्ला, आज खिशावर आहे तो आमच्या वकीलबाईंमुळे. काय झालं ते पुढे सांगतोच, पण नाव आधी घेऊन टाकलेलं बरं. मी घाबरट माणूस. सांगता सांगता मध्येच हातपाय गळाले, तर निदान उपकार कोणाचे ते तरी सांगायचं राहून जायला नको. तर वकीलबाई. या बाईंच्या हातात पडलेला कागद त्यांनी पहिल्या अक्षरापासून तळाच्या छापखान्याच्या नावापर्यंत न वाचता खाली ठेवला, असं पृथ्वीच्या पाठीवर एकदाही घडलेलं नाही.

वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे. उंची माझ्या रिक्षाच्या हूडला कधीही न लागणारी. काळा कोट धुऊन धुऊन चहाच्या रंगाकडे झुकलेला, आणि गळ्यात नाडीला बांधलेलं भिंग. रोज सकाळी कळव्याहून ठाण्याच्या कोर्टात जायला त्या माझ्या रिक्षात बसायच्या. पहिल्या दिवशी मात्र बसायलाच दहा मिनिटं लागलेली. आधी त्यांनी सीटमागचं भाड्याचं कार्ड वाचलं, मग माझा बॅच वाचला, मग मागे जाऊन काचेवरचं ‘आईचा आशीर्वाद’ वाचलं. म्हणाल्या, “आई कुठे असते?” मी म्हटलं, “उदगीरला.” त्या दिवसापासून माझं नाव उदगीर. माझं खरं नाव त्यांनी तीन कागदांवर वाचलेलं आहे, पण हाक उदगीरलाच.

बाईंच्या सोसायटीत गुडघेदुखी कमी आहे, असं तिथला वॉचमन सांगतो. कारण लिफ्टमधल्या पाटीवर माणसं आणि किलो दोन्ही लिहिलेलं आहे आणि बाई आत असल्या की प्रत्येकाला वजन विचारतात. लोक आपले जिन्याने जातात. कुरियरवाला सगळं कळवा वाटून झाल्यावर शेवटी त्यांच्या दारात येतो, येताना डबा खाऊन येतो. लग्नपत्रिका आली की त्या शेवटच्या ओळीपर्यंत जायच्या. एकदा एका यजमानाला त्यांनी फोन करून विचारलं होतं, “‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असं चिरंजीव सांगतात, असं छापलंय. चिरंजीव दोन महिन्यांचे आहेत. त्यांचं म्हणणं कोणी नोंदवून घेतलं?” बँकेत तर त्यांना पाहून खिडकीमागचा माणूस पाणी पिऊन घ्यायचा. ‘मी सर्व अटी वाचल्या आहेत’ या छापील ओळीवर बोट ठेवून बाई म्हणायच्या, “न वाचता सही केली तर हे पहिलंच वाक्य खोटं ठरतं. मी बँकेत खोटं बोलायला आलेली नाही.” मागची रांग चडफडायची. बाई वाचायच्या.

आणि मी याच्या नेमका उलट. बोट दाखवाल तिथे सही. सातवीतून शाळा सुटली, मग गावातल्या हॉटेलात कपबश्या, मग ठाणे; आणि परक्या गावात माणूस जितके कमी प्रश्न विचारील तितका जास्त टिकतो, हे मी फार लवकर शिकलेलो. माझ्याकडे एकच गोष्ट बरी होती, अक्षर. शाळेत वर्गाचा सुविचार मीच लिहायचो. म्हणून स्टँडवरच्या फळ्याचा खडू आपोआप माझ्या हातात आला. रोज सकाळी एक सुविचार, कधी कुणाचं हरवलेलं पाकीट, कधी कुणाच्या वडिलांचा दहावा.

आमच्या स्टँडच्या तोंडाशी गटाराचं झाकण नव्हतं. पावसाळाभर नव्हतं. एका आजोबांचा पाय त्यात गेला, प्लास्टर झालं, तरी नव्हतं. अर्ज देऊन झाले. मग तिथल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, आपणही भाऊच म्हणू. त्यांचा भलामोठा बॅनर आमच्या स्टँडवर लागला आणि बॅनरचा एक बांबू पोरांनी सरळ त्या उघड्या गटारात रोवला. आयताच खड्डा होता. दुसऱ्या दिवशी स्टँडवर चहा पिताना सगळेच हसत होते, कोण काय बोललं आठवत नाही, पण फळ्यावर उतरलं ते माझ्या अक्षरात: ‘वाढदिवसाच्या बॅनरला चार बांबू मिळाले. गटाराला एक झाकण मिळेना.’

कोणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो मुंब्र्यापासून डोंबिवलीपर्यंत मोबाइलवर फिरून परत माझ्याच मोबाइलवर आला. संध्याकाळी सात-आठ पोरं आली, त्यातल्या दोघांच्या हातात दांडके. फळा पुसला, एका रिक्षाची काच गेली. “कोणी लिहिलं रे हे?” स्टँडवरच्या एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. इतक्या काळजीपूर्वक सगळ्यांनी बघायचं टाळलं की पोरांना बरोबर कळलं.

आठवड्याने पोलिसांची नोटीस आली. तुमच्याकडून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे, तरी एक वर्ष चांगल्या वर्तणुकीचा बाँड तुमच्याकडून का घेऊ नये, हजर राहून सांगा. त्याच महिन्यात माझ्या बॅचचं नूतनीकरण होतं आणि त्याला पोलिसांचा दाखला लागतो. दाखल्यावर शेरा आला तर बॅच नाही, बॅच नाही तर रिक्षा नाही, रिक्षा नाही तर मग ठाण्यात मी कोण? आमच्या स्टँडचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही दादूस म्हणतो, ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सही कर नं मोकला हो. आपुन गरीब मानसा. आता फल्यावर फकस्त सुविचार.” मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, फार पटलं. सही करायची, मान खाली घालायची, घरी यायचं.

दुसऱ्या दिवशी बाई रिक्षात बसल्या. खाडीच्या पुलावर येईपर्यंत मी काही बोललो नाही. “उदगीर,” बाई मागून म्हणाल्या, “आज तू एकही शिवी दिली नाहीस. कोण मेलं?” मी रिक्षा चालवत चालवत नोटीस मागे दिली. टेंभी नाक्यापर्यंत बाई मागे वाचत होत्या. आरशात भिंग ओळीओळीने सरकताना दिसत होतं. मग म्हणाल्या, “उद्या तुझे सगळे कागद घेऊन घरी ये. सगळे म्हणजे सगळे.”

मी पिशवी घेऊन गेलो. लायसन्स, आधार, बॅच, भाडेकरार, आणि सगळ्यात तळाशी शाळा सोडल्याचा दाखला. बाईंनी एकेक मोठ्याने वाचायला घेतला. दाखल्यापाशी थांबल्या.

“‘शाळा सोडण्याचे कारण: स्वेच्छेने.’ तुझी इच्छा होती?”

“नाही, बाई. वडील आजारी होते. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.”

“मग खाली वडिलांची सही आहे ती?”

“त्यांनी वाचलं नव्हतं. मी वाचू शकत होतो, पण मीही नाही वाचलं. गुरुजींनी बोट ठेवलं होतं तिथे.”

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाल्या, “आता बोट कोणीही ठेवू दे. मी वाचल्याशिवाय पेन उघडायचं नाही.”

तारखेच्या दिवशी नोटीस काढणाऱ्या साहेबांच्या दालनाबाहेर बाकावर बसलो तेव्हा माझे गुडघे आपोआप हलत होते. बाईंनी आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, वजनाने जरा थांबले. समोर भाऊंचा एक कार्यकर्ता, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तक्रार त्याचीच. दादूस आलेले, पण दाराबाहेरच उभे. आत गेलो. कारकुनाने टाइप केलेला बाँडचा कागद सरकवला, बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथे सही करा, विषय संपला. अर्ध्या तासात धंद्यावर जाल.” तेच बोट. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेलेला मला आठवतो. टोपण निघालंसुद्धा होतं.

“बंद कर ते,” बाई म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून, “साहेब, सही करण्याआधी कागद वाचायला हरकत नाही ना? मोठ्याने वाचते. याचं शिक्षण कमी आहे आणि माझी दृष्टी.”

साहेब दमलेले दिसत होते, पण माणूस सरळ होता. “वाचा,” म्हणाले.

बाईंनी वाचायला घेतलं. खाडीतून होडी जाते तसं सावकाश. बाहेर पुढच्या सुनावणीची माणसं जमली, कोणी घड्याळ बघितलं, कारकून दोनदा खोकला. “‘...मी यापुढे फळ्यावर, भिंतीवर अथवा अन्य कोणत्याही ठिकाणी कोणताही मजकूर लिहिणार नाही.’ अन्य कोणत्याही ठिकाणी. साहेब, याची आई उदगीरला आहे. तिला पत्र लिहिलं तर बाँड मोडला का?”

“आजी, आता पत्र कोण लिहितं?” कारकून म्हणाला.

“उद्या लिहावंसं वाटलं तर? न लिहिणं वेगळं आणि लिहायची बंदी वेगळी.” मग त्यांनी तक्रार उचलली आणि तीही वाचली. “‘मजकूर वाचून कार्यकर्त्यांमध्ये संताप निर्माण झाला.’ बरं. संतापले हे. दांडके आणले यांनी. काच फुटली रिक्षावाल्याची. आणि शांत राहायचं वचन द्यायचं याने? साहेब, याच्या हातात खडू होता.”

पांढरा शर्ट उठला. “मॅडम, भाऊंची बदनामी आहे ती! खोटंनाटं लिहायचं आणि वर...”

“खोटं काय आहे, ते सांगा ना. गटाराला झाकण होतं?”

त्याने शर्टाची कॉलर नीट केली.

“होतं की नव्हतं?”

“नव्हतं. पण ते काम मंजूर...”

“नव्हतं. लिहून घ्या. बॅनर होता? होता. बांबू चार होते?”

आणि इथे तो मुलगा उसळून म्हणाला, “चार कुठले? पाच होते! मागून टेकू दिलेला एक, मी स्वतः बांधलाय!”

दालनात कोणी हसलं नाही, पण साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला. मला मात्र वाटलं, संपलं, माझं लिहिलेलं खोटं निघालं, बॅच गेला.

बाई माझ्याकडे वळल्या. असा करडा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. “उदगीर, तू मोजले नव्हतेस?”

“नाही, बाई. पुढचेच मोजले.”

“साहेब, मजकुरात एक बांबू कमी लिहिला गेला, ही चूक आमची. ती दुरुस्त करू. बाकीचं खरं आहे आणि खरं सांगायला बाँड लागत नाही. सही होणार नाही.”

साहेब म्हणाले, “बघतो. निर्णय कळवू.”

ते दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. खाकी कपडे दिसले की माझा ब्रेक आपोआप लागायचा. एकदा टेंभी नाक्यावर मी बँडवाल्याला घाबरून रिक्षा बाजूला घेतलेली. बाई मात्र मागे बसून औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचत होत्या. शेवटी आदेशाची प्रत आली, ती त्यांनी हातातच घेतली नाही. “तू वाच,” म्हणाल्या. “मोठ्याने. रिक्षा बाजूला घे आधी.” मी पुलाच्या अलीकडे थांबून वाचलं. चारदा अडखळलो. ‘शांततेचा भंग होण्याची शक्यता दिसून येत नसल्याने कार्यवाही बंद करण्यात येत आहे.’ बाई म्हणाल्या, “खाली अजून एक ओळ असते.” होती. ‘प्रत माहितीसाठी.’ तीही वाचली.

बॅच मिळाला. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि माझ्याकडून लिहून घेतलं: ‘दुरुस्ती: बांबू पाच होते.’ झाकणाबद्दल एक अक्षर नाही. महिन्याभरात झाकण बसलं, आणि ते बसवल्याबद्दल भाऊंचे आभार मानणारा बॅनर लागला. दादूस मला म्हणाले, “आता बांबू मोज रं आधी.” मी मोजले. सहा.

बाईंची दृष्टी मात्र तेव्हाच जायला लागलेली, हे मला उशिरा कळलं. भिंग मोठं झालं, मग दोन भिंगं झाली, मग एकदा त्यांनी आपलं लाइट बिल माझ्याकडे दिलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर वर्षभर टाळत राहिल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, “संमतीपत्र चार पानांचं असतं रे. मला दिसत नाही, आणि न वाचता सही तर मी करणार नाही.” मी त्यांना घेऊन गेलो. नर्सने कागद सरकवला, बोट ठेवलं. “आजी, इथे सही करा ना, सगळेच करतात.”

“हा वाचेल,” बाई म्हणाल्या.

मी वाचलं. चारही पानं, मोठ्याने, मागे रांग चडफडत असताना. अवघड शब्द आला की थांबायचो, बाई अर्थ सांगायच्या. ‘अन्य गुंतागुंत’ पाशी त्यांनी हात वर केला, “अन्य म्हणजे कोणती, विचार त्यांना.” विचारलं. नर्सला डॉक्टरांना बोलवावं लागलं. मग बाईंनी माझा दंड धरून, मी दाखवलेल्या जागी, चाचपडत सही केली. माझं बोट होतं ते.

एका डोळ्याला थोडं आलं, दुसऱ्याला नाही. कोर्टात जाणं आता बंद आहे. सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन अर्धा तास वाचून दाखवतो: पेपर, पत्रिका, सोसायटीच्या नोटिसा. घाई केली तर त्यांना कळतं.

याला परतफेड म्हणत नाही मी. पण बाई, दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मी भरलाय, पूर्ण वाचून भरलाय. पास व्हायला दोन वर्षं लागोत की पाच, तो दाखला हातात आला की आधी तुमच्याकडे येईन, समोर बसेन आणि वरच्या शिक्क्यापासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत मोठ्याने वाचून दाखवीन. तोवर तुम्ही थांबा.