हमरापूरची सही

रोह्याच्या एका कंपनीत मी शिफ्ट इन्चार्ज आहे, राहतो पेणला. पगारातून टॅक्स कापला गेला की दर महिन्याला माझं डोकं फिरतं. म्हणून गेल्या वर्षी मोठे साहेब कॅन्टीनमध्ये एक अर्ज घेऊन आले तेव्हा पहिली सही मीच ठोकली. मागणी अशी होती, की सरकारने इन्कम टॅक्स बंद करावा आणि त्याऐवजी जो जे विकत घेईल त्यावर सगळ्यांना एकाच दराने कर लावावा.

"कमावलं म्हणून दंड कशाला? खर्च करताना भरा की," साहेब म्हणाले. मला ते पटलं. ओळखीच्यांच्या सह्या घ्यायला त्यांनी अर्जाची एक प्रत आणि एक कोरा कागद माझ्याकडे दिला.

पेणमध्ये कागद जवळजवळ भरला. शेवटची ओळ उरली, म्हणून रविवारी हमरापूरला थोरल्या बहिणीकडे गेलो. ती गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. नगावर पैसे, सीझन संपला की हात रिकामे. मी काय मागतोय ते तिने ब्रश न थांबवता ऐकलं.

"इन्कम टॅक्स मी कधी भरलाच नाय. मग माझी सही कशाला?"

"ताई, सगळ्यांचाच बंद होईल."

"तुझा होईल. मग सरकार तो पैसा आणणार कुठून?"

"खरेदीवरनं. वस्तू थोड्या महागतील, पण कर सगळ्यांना सारखाच."

आता तिने ब्रश ठेवला. "माझं येतं तेवढं सगळं खाण्यापिण्यात जातं. तू निम्मा पगार बँकेत टाकतोस. सारखं कसं रे?"

गरिबांना सरकार काही पैसे परत देईल, असं साहेब म्हणाले होते. तेच मी तिला सांगितलं.

"अर्जात लिवलंय?"

मी अर्ज पुन्हा वाचला. त्यात तसं काहीच नव्हतं.

"मग नाय करत. साहेब कशाला एवढा धावतोय, ते बघ आधी."

हिला काय कळतं, असं मनात म्हणत मी घरी आलो आणि शेवटच्या ओळीत तिची सही मीच केली. जराशी वाकडी, तिच्यासारखी.

सोमवारी कागद देऊन टाकला, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी साहेबांना गाठलं. पैसे परत द्यायचं अर्जात का नाही, ते विचारलं.

"ते पुढचं पुढे बघू."

"साहेब, यात तुमचा किती वाचेल?"

ते हसले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेले. ते थोपटणंच मला खटकलं. पण नुसतं साहेबांना नावं ठेवून कसं चालेल? त्यांच्यापेक्षा कमी, पण माझंही भलं होणार होतं. आणि ताईचं नाव त्यात मी घातलं होतं.

पुढच्या रविवारी जाऊन तिला खरं काय ते सांगितलं. ती ओरडली नाही. "आज अर्जावर केलीस. उद्या आणि कशावर करशील?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ऐन सीझनमध्ये खाडा करून ती माझ्याबरोबर रोह्याला आली. साहेब गेटवर आले तेव्हा वॉचमनसमोरच तिने सांगितलं, "अर्जावरची सही माझी नाय. ह्याने केलीय. मला खोडायचीय."

साहेबांनी अर्ज आणि सह्यांचे सगळे कागद मागवले. ताईने आपलं नाव दोनदा खोडलं. मग पेन माझ्या हातात आलं, आणि मी माझी सही खोडली. बाकीच्या सह्यांनिशी अर्ज गेला. पुढे त्याचं काय झालं, कोणी सांगितलं नाही. मीही साहेबांना विचारलं नाही.

आमचं येणंजाणं आहे, ताई जेवूही घालते. पण परवा बँकेचा एक फॉर्म मी तिच्यापुढे धरला, तर तो घेऊन ती आधी शेजारणीकडे गेली. तिच्याकडून सगळा वाचून घेतला आणि मगच सही केली.