म्हस इकली तरी दावं आपल्याकडं ऱ्हातं

"आवं ताई, जुनं मशीन द्या, नवं न्या, खेळ जिथं थांबलाय तिथनंच सुरू हुतोय." आसं तोंडावर सांगितलं हुतं त्या तासगावच्या दुकानदारानं! नाव लिवत न्हाई, पण त्यो ह्या ग्रुपात हाय, त्यानं वाचावं.

व्हय, मी गेम खेळती. हसायचं त्यांनी हसून घ्या. पोरगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचं गेमचं मशीन घरात पडून हुतं, त्यावर शिकली. घोड्यावरनं डोंगर पालथं घालायचा खेळ हाय. माझ्या घोडीचं नाव हरणी. रानातनं धरली, माणसाळवली, पार शेवटच्या किल्ल्याच्या दारापतूर आणली.

आता तोच खेळ चकचकीत करून नव्या मशीनवर आलाय. म्हणून जुनं मशीन त्याच्या दुकानात देऊन नवं आणलं, आज हौसेनं खेळ लावला. लेकीनं पडद्यावरचं इंग्रजी वाचलं.

"आई, आधी जुन्या मशीनवरनं तुझा खेळ नेटवर चढवाय पायजे हुता. हितं तुझं कायच न्हाई."

"आगं, आन् हरणी?"

"न्हाई."

दुकानात फोन लावला तर म्हणतोय, "घोडंच हाय ताई, दुसरं धरा की!"

बायांनो, म्हस इकताना दावं आपण काढून घेतो का न्हाई? माझ्याकडनं ह्यानं दाव्यासकट नेलं, आन् वर हसतोय.

दुकानदार भाऊ, जुन्या मशीनमधला माझा खेळ पुसला नसंल तर हात लावू नका. पुसला आसंल तर तसं तोंडानं सांगा. सोमवारी दुकान उघडायच्या आत मला उत्तर पायजे. न्हाईतर पायरीवर मी बसलेली दिसंन.