पुकारेभाऊंची टेकाडी

चांद्याच्या कचेरीत पुकारेभाऊ कामाला बसले की बाहेर व्हरांड्यातल्या बाकावरची माणसं अधूनमधून दचकून उठत. आपल्या गावाचं नाव कानावर पडलं म्हणजे आपली पेशी निघाली, असा त्यांचा समज होई. दाराशी येऊन आत डोकावावं, तर एक जाडजूड गृहस्थ यादीवर बोट ठेवून गावांची नावं खड्या आवाजात म्हणतायत आणि समोरच्या नकाशावर ओणवा होऊन मी ते गाव शोधतोय. कोर्टातल्या शिपायासारखा पुकारा करतात म्हणून पुकारेभाऊ. खरं आडनाव वेगळं होतं, पण पगारपत्रकाबाहेर ते कुणी वापरत नसे.

मी नागपूरहून ट्रेसर, म्हणजे नकाशे उतरवून घेणारा, म्हणून नवा आलो होतो. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती आणि जिल्हा एवढा लांबलचक की त्याचा नकाशा पसरायला दोन टेबलं एकाला एक लावावी लागत. वरून गाववार तक्ते येत. कुठल्या गावात किती माणसं, विहीर आहे की नाही, शाळा आहे की नाही. तक्त्यातली एकेक ओळ नकाशावरच्या तिच्या टिंबाशी जोडायची आणि मग रंग भरायचा, एवढंच आमचं काम. सांगायला सोपं. पण तक्ते इंग्रजी अक्षरांत टंकलेले असत. त्यात टेकडी, टेकाडी आणि टेकरी यांचं एकच होऊन जाई. डोंगरगावं तर इतकी की मी मोजायचं सोडून दिलं होतं. कुणाच्या नावामागं माल, कुणाच्या नावापुढं चक, कुणाला तुकूम. आणि टंकणाऱ्यानं घाईत ती शेपटं गाळलेली.

म्हणूनच पुकारेभाऊ नावं मोठ्यानं म्हणत. कागदावरचं इंग्रजी नाव तोंडात घोळवून ते गावच्या माणसाच्या उच्चारात आणायचे आणि मगच मला द्यायचे. नकाशाला हात लावण्याआधी तक्त्यावर त्यांचे चांगले दोन-तीन दिवस जात. मला ते वाया गेल्यासारखे वाटत. मी तसं एकदा बोललो.

"तुह्या घरी भात होते ना?" त्यांनी विचारलं.

"होतो."

"मंग? तांदूळ आधी निवडा लागते. खडा दाताखाली आल्यावर थुंकून काय फायदा?"

स्वभावानं माणूस सोपा नव्हता. वाद घालायला लागले की समोरचा थकेपर्यंत थांबत नसत. दुपारी दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता घेत आणि वर मीठ कमी आहे असं सांगत. पाण्याला भीत. पोंभुर्ण्याकडच्या आपल्या गावी जाताना वाटेत नाला चढलेला दिसला तर आल्या पावली परत येत आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत, गावी जायचा बेतच नव्हता, असं दडपून सांगत. आम्ही हसत असू. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

एक गोष्ट मात्र ते कुणालाही करू देत नसत. तक्त्यात ओळ आहे आणि नकाशावर टिंब सापडत नाही, अशी ओळ बाजूला सारून काम पुरं झालं असं म्हणायचं नाही. "ओळ हाय म्हणजे कोणीतरी माणसं पाहून लिहिली," ते म्हणत. "हवेतली थोडीच लिहिली?"

एका उन्हाळ्यात हिवतापाचं काम आलं. पावसाळ्याआधी गावोगाव डीडीटीची फवारणी व्हायची होती आणि औषधाच्या गाड्या कुठं पाठवायच्या हे आमच्या नकाशावरून ठरणार होतं. जिथं लेकरांच्या पोटातल्या पांथऱ्या, म्हणजे प्लीहा, हिवतापानं वाढलेल्या सापडल्या होत्या, तिथं तांबडा रंग. ही तपासणी बाजाराच्या गावांत झाली होती. आयांनी लेकरं आणली, विचारल्यावर गावाचं नाव सांगितलं आणि तपासणाऱ्यानं ते लिहून घेतलं. कुठली टेकाडी, कुठल्या तहसिलीतली, हे विचारायचं राहून गेलं. त्या तक्त्यात 'टेकाडी' नावाची एकच ओळ होती आणि पुढचे आकडे वाईट होते. तपासलेल्या लेकरांत निरोगी पोटाचं जवळपास कुणीच नव्हतं.

नकाशावर टेकाड्या तीन. एक पार सिरोंच्याच्या बाजूला. तिथून कुणी ही लेकरं तपासलेल्या बाजाराला येणार नाही, म्हणून ती सोडली. दुसरी मोटारीच्या सडकेला लागून. तिसरी नदीकाठच्या जंगलात, एकटीच.

आमचे साहेब सरळ माणूस होते. त्यांनी सडकेवरच्या टेकाडीवर बोट ठेवलं. बाजार तिथून जवळ पडत होता आणि गाड्या निघायला थोडेच दिवस उरले होते.

"साहेब, ते गाव मी पाह्यलं हाय," पुकारेभाऊ म्हणाले. "शाळा हाय, विहीर हाय, डॉक्टर येते. अशी पोटं तिथी नाईत. मले जंगलातली वाटते."

"वाटतं म्हणजे?"

"म्हणजे मले जाऊन पाहू द्या."

साहेबांनी थोडा विचार केला. चुकीच्या गावी तांबडा रंग पडला तर औषध फुकट जाईल, हे त्यांना कळत होतं. "जा. पण गाड्या निघायच्या आत परत या," म्हणाले आणि मलाही सोबत दिलं.

उतारूंची सर्व्हिस मोटार जिथं थांबली तिथून बैलगाडी केली आणि गाडी जिथं थांबली तिथून पायी निघालो. नकाशाच्या हिशेबानं टेकाडीच्या टिंबावर पोचलो, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथं गाव नव्हतं. पडलेल्या मातीच्या भिंती, त्यांतून वर आलेली झुडपं, एक फुटका रांजण. मोहाची जुनी झाडं तेवढी उभी. पुकारेभाऊ एका चौथऱ्यावर बसले.

"फसलो ना रे," म्हणाले. "साहेबाचंच खरं दिसते. इथी तर कुत्रंही नाई."

आम्ही परत फिरलो, तेव्हा वाटेत तेंदूची पानं तोडणाऱ्या बाया भेटल्या. त्यांतली एक म्हातारी, मैनाबाई, पुढं झाली. बाकीच्या आपसांत गोंडीत बोलत होत्या. ते आम्हाला समजत नव्हतं. पुकारेभाऊंनी तिला विचारलं, "बाई, हे टेकाडी ना? इथली माणसं कुठी गेली?"

"टेकाडी तिकडं हाय. नदीपल्याड."

"मंग हे काय?"

"हे रीठ." ओसाड पडलेल्या गावाला तिकडं रीठ म्हणतात. "इथी माणसं मरू लागली. मंग आमी देव उचलला नि पल्याड गेलो. गाव संगंच आलं."

बाजारात लेकरं तपासली तेव्हा आयांनी नव्या जागेलाही तेच जुनं नाव सांगितलं होतं. तक्त्यातली ओळ खरी होती. नकाशा काढला गेला तेव्हा टिंबही खरंच होतं. दोघांच्या मधून गाव निघून गेलं होतं.

नदीला गुडघाभरच पाणी होतं. तरी पुकारेभाऊंनी माझा खांदा असा धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. पलीकडं झाडीत पंधरा-वीस घरं होती. स्वच्छ सारवलेली अंगणं आणि अंगणांत लेकरं. ती खेळत नव्हती. हातपाय काड्यांसारखे, पोटं पुढं आलेली, डोळे पिवळट. दोन पोरं उन्हातच गोधडी पांघरून पडली होती.  

पुकारेभाऊंनी नकाशाची सुरळी सोडली, पेन्सिल काढली आणि मैनाबाईला समजावलं की इथं टिंब काढलं की औषधाची माणसं येतील, घरांना औषध मारतील, ताप कमी होईल. मैनाबाईनं कागदाकडं पाहिलं आणि पेन्सिलीवर हात ठेवला.

"नको काढू, भाऊ."

"काऊन?"

"हे जंगल सरकारचं हाय. आमी न विचारता आलो. आता कोणाले माहीत नाई, म्हणून हाओत. कागदावर आलो का उठवायले येतीन."

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. नकाशा एकदा तयार झाला की तो कोण कशासाठी पाहील, हे आमच्या हातात नव्हतं. मला वाटलं, भाऊ आता तिला काहीतरी सांगून गप्प करतील. औषध मिळणं महत्त्वाचं होतं आणि तिला नकाशा वाचता येत नव्हता. परत जाऊन कचेरीत टिंब काढलं असतं तरी तिला कधी कळलं नसतं. मी तसं हळूच सुचवलं.

पुकारेभाऊंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिल जमिनीवर ठेवली आणि तिला म्हणाले, "बाई, तू म्हणतेस तेही खरं हाय, नि मी म्हणतो तेही. टिंब काढलं तर औषध येईन. टिंब काढलं तर उठवणाराही येऊ शकते. नाई येणार अशी जबान मी देऊ शकत नाई. लेकरं तुमची, गाव तुमचं. तुमी ठरवा. मी थांबतो."

त्या दिवशी आम्ही टेकाडीतच राहिलो. त्यांनी आंबील प्यायला दिली, निजायला बाजा दिल्या. माणसं मोहाखाली बसून बोलत राहिली. मधे एक जवान गडी तावातावानं उठून गेला आणि पुन्हा येऊन बसला. सकाळी मैनाबाई आली. नातवाला कडेवर घेतलं होतं. तो अंगानं कढत होता हे दुरूनही कळत होतं.

"काढ," ती म्हणाली. "उठवलं तर दुसरीकडं जाऊ. आमाले सवय हाय. हे मेलं तर कुठी जाऊ?"

पुकारेभाऊंनी ते टिंब काढलं. एरवी त्यांचं टिंब ठसठशीत असे. हे अगदी बारीक होतं.

आम्ही वेळेत परतलो. साहेबांनी गाड्यांचा रस्ता बदलला. जिथवर गाडी जाते तिथवर गाडी, पुढं कावडीनं पंप आणि औषध, असं करून फवारणी टेकाडीला पोचली. पण ती बातमी आली तेव्हा पुकारेभाऊ दवाखान्यात होते. परतल्यावर पंधरवड्यातच त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि तो डोक्यात गेला. मला काही झालं नाही. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. कुनैनच्या सुया देऊन देऊन त्यांना वाचवलं, पण तापातून उठले ते दोन्ही कानांनी बहिरे होऊन.

पुन्हा कामावर आले. यादीवर बोट ठेवून नाव म्हणत, पण 'मिळालं' हे माझं उत्तर त्यांना ऐकू येत नसे. मी मान हलवायची, असं ठरलं. मी मान हलवेपर्यंत ते माझ्या तोंडाकडं एकटक पाहत राहत आणि मला काम सुचत नसे. आपला आवाज किती मोठा झालाय हेही त्यांना कळेना; शेजारच्या खोलीतून तक्रारी आल्या. पुढं चांदा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, कागद इकडचे तिकडं झाले, नवी माणसं आली. एक दिवस त्यांनी आपणहून अर्ज दिला आणि शेती पाहायला गावी निघून गेले. निरोपाचा हार घालून घेतला आणि माझ्या डब्यातली भाकरी संपवली. पाणावलेले डोळे वगैरे काही नव्हतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सडकेच्या आखणीच्या कामासाठी मी त्या नदीकडं गेलो, तेव्हा टेकाडीला वाट वाकडी केली. मैनाबाई होती. "तो भाऊ नाई आला?" तिनं विचारलं. भाऊंना काय झालं ते मी तिला सांगितलं.  तिनं आत जाऊन पानाच्या पुड्यात चारोळी बांधून आणली आणि माझ्या हातात दिली.

ती घेऊन मी पोंभुर्ण्याकडं त्यांच्या गावी गेलो. धानाच्या रोवणीचे दिवस होते. पुकारेभाऊ बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उभे होते. मला पाहून बांधावर आले, पुडा सोडून हुंगला आणि तिथंच दोन दाणे तोंडात टाकले. कुठून आला हे त्यांनी ओळखलं.

"उठवलं तर नाई ना?" त्यांनी विचारलं. पलीकडच्या बांधीतल्या बाया वळून पाहू लागल्या.

मी मान हलवली. नाही.

"नि लेकरं?"

 मी हात कमरेइतका धरून दाखवला, थोडा वर नेला, मग छातीपर्यंत नेला. मैनाबाईचा नातू एवढा झालाय, गोधडीत पडलेली ती दोन पोरं एवढी. पुकारेभाऊ माझ्या हाताकडं पाहत राहिले. हात खाली आला, तसा त्यांनी तो धरला आणि पुन्हा वर केला. पहिल्यापासून सगळी लेकरं दाखवायला लावली.