बेरजेबाहेरचा रकाना

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंगच्या पेट्या तपासत होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. ‘सुधा, तू ये. हे खुर्चीतून उठत नाहीत,’ एवढंच ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी हातातल्या मागणीपत्राच्या पाठीवर लिहायला घेतलं... डॉक्टर, बेळगावला फोन, ताईजवळ थांबायला कोण, त्यांच्या जुन्या ऑफिसला निरोप. पाच-सहा ओळी झाल्यावर पाहिलं तर ‘डॉक्टर’ दोनदा लिहिलं होतं. मल्लेश्वरमला पोचले तोवर डॉक्टर येऊन, नाडी पाहून, कागदावर सही करून गेलेसुद्धा होते. भाऊजी खिडकीजवळच्या खुर्चीत तसेच बसलेले होते, चष्मा लावलेला, मांडीवर पेपर. निवृत्त होऊन त्यांना पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

वसंतराव माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही सगळे मूळचे बेळगावकडचे. घरात मराठी, दारात कन्नड. लग्नानंतर ताई बंगळूरला आली, पुढे मला इथेच नोकरी लागली, आणि माझी पहिली तीन वर्षं त्यांच्याच घरात गेली. भाऊजी वीज खात्याच्या नियोजन शाखेत इंजिनियर होते. मला ते ‘सुधक्का’ म्हणत; वयाने मी बारा वर्षांनी लहान, तरी अक्का. माझ्या याद्यांची त्यांना फार गंमत वाटे. ‘यम आला तर त्याच्याकडूनही पोचपावती घेशील तू,’ असं म्हणत. मी म्हणायचे, घ्यायलाच हवी, नाहीतर पुन्हा यायचा.

नव्वद सालानंतर या शहराची विजेची भूक अशी वाढली की खात्यातल्या लोकांना तोंड दाखवायची चोरी झाली. कोरमंगलात नवी ऑफिसं उघडत होती, त्यांना दिवसभर गार हवा हवी होती. चिकपेटेत वीज गेली की दुकानादुकानापुढे जनरेटर धडधडायला लागत आणि साड्यांना डिझेलचा वास येई. भाऊजी एकदा माझ्याबरोबर तिथून चालताना म्हणाले, ‘हे बघ, याचा निर्णय कुणीच घेतलेला नाही. आणि सगळीकडे हेच चालू आहे.’ त्याच सुमारास त्यांच्याकडे एक काम आलं. पुढच्या वीस वर्षांत राज्याला लागणारी वीज कशातून काढायची, पाणी, कोळसा, अणू, वारा, उसाचं चिपाड की ऊन, याचा अहवाल एका समितीपुढे ठेवायचा होता. त्यासाठी त्यांनी एक मोठा तक्ता आखला. उभ्या रकान्यांत खर्च, बांधायला लागणारा काळ, पाऊस न पडल्यास काय, इंधन कुठून, राख-कचरा कुठे. शेवटच्या रकान्याला त्यांनी नाव दिलं होतं, ‘कोणाचं काय जातं’.

हा शेवटचा रकाना भरायची त्यांची एक रीत होती. जिथे ते केंद्र आहे किंवा होणार आहे, तिथल्या एखाद्या घरी जेवल्याशिवाय ते त्यात एक अक्षर लिहीत नसत. डाकबंगल्यातलं जेवण चालत नसे, घरचंच लागे. धरणात गाव गेलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडे ते चारदा जेवले. किनाऱ्याजवळ अणुकेंद्राचं काम चाललेलं, तिथल्या एका मासेमाराच्या घरी शाकाहारी माणसाने सोलकढी-भात खाल्ला आणि दुपारभर बसून राहिला. ताई चिडायची. ‘माझ्या माहेरी वर्षातून एकदा पान मांडायचं तर ह्यांना रजा नसते. आणि धरणावर चारदा.’ भाऊजी हसून म्हणायचे, ‘तुझ्या माहेरचं काही बुडत नाहीये गं.’

घरी परतले की ते त्या रकान्यात आखीव, बारीक अक्षरात लिहायचे. मी रविवारी जाऊन स्वच्छ प्रत करत असे, म्हणून मला सगळं वाचायला मिळे. वाऱ्यापुढे लिहिलं होतं, डोंगराच्या कण्यावरचं कुरण, मेंढ्यांची वाट, आणि ज्या चार महिन्यांत वीज सर्वात जास्त हवी त्यात वारा पडलेला. उन्हापुढे लिहिलं होतं, ‘कोणाचं काही जात नाही, पण आज परवडतही नाही, परवडेल तेव्हा जमीन लागेल, तेव्हा पुन्हा जाऊन जेवावं.’ चिपाडापुढे, कारखाना चालतो तेवढे महिनेच वीज, आणि उसाला लागणारं पाणी कुणाच्या विहिरीतून. मी विचारलं, ‘भाऊजी, मग शेवटी काय निवडायचं?’ ते म्हणाले, ‘सगळ्यात कमी वाईट कुठलं, एवढंच विचारतायत गं ते मला... आणि मला तेवढंही येत नाही.’

कोळशासाठी उत्तरेकडच्या एका तालुक्यात जागा पाहिली होती. तिथे मल्लप्पा नावाच्या शेतकऱ्याकडे भाऊजी जेवले. खाऊनपिऊन सुखी घर, काळी जमीन, बारा महिने पाणी असलेली विहीर. जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. मल्लप्पाची बायको गंगव्वा वाढत होती. ‘साहेब, आमच्या शेतात तुम्ही करंट पिकवणार म्हणे,’ ती म्हणाली, ‘स्वल्प आम्हालाही वाढा मग.’ तिच्या घरात तोवर वीज आलेली नव्हती. हे सांगताना भाऊजी आधी हसले आणि मग उठून आत गेले. त्या घराची नोंद तक्त्यात सगळ्यात लांब आहे. चुलीची दिशासुद्धा लिहिलेली आहे.

अहवाल द्यायच्या आठवड्यात भाऊजींना टायफॉइड झाला. शेवटची जुळवाजुळव माझ्याकडे आली. आमच्या कारखान्यात तेव्हा नुकताच संगणक आला होता, त्यावर रकाने आखले की बेरीज आपोआप येई, आणि मला त्याचं कौतुक होतं. मी तक्ता त्यावर उतरवला. जाडजूड अहवाल कोण वाचणार, असा विचार केला, आणि समितीच्या सोयीसाठी शेवटी एक पान जोडलं. प्रत्येक रकान्याला एक ते पाच गुण आणि खाली बेरीज. स्टोअरसाठी पुरवठादार निवडताना आम्ही अगदी असंच करतो. शेवटच्या रकान्यात आकडे नव्हते, मजकूर होता. त्याला गुण कसे द्यायचे ते मला समजेना, म्हणून तो मी बेरजेत धरला नाही. कोळसा पहिला आला. भाऊजींना ताप होता. मी म्हटलं, एक सोयीचं पान जोडलंय. ‘तू केलंयस ना, सरी, ठीकच असेल,’ असं म्हणून त्यांनी उशीला टेकूनच सही केली.

समितीच्या बैठकीत तेवढंच पान फिरलं. बाकीचा अहवाल, त्यांच्या एका सहकाऱ्याने नंतर सांगितलं, दोरीसुद्धा न सोडता कपाटात गेला. वर्षभरात त्या तालुक्यातल्या जमिनीच्या नोटिसा निघाल्या. भाऊजींनी वर तीन पत्रं लिहिली, की ते पान निष्कर्ष नव्हे. उत्तर आलं की सही आपलीच आहे. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. काय बोलायचं ते क्रमाने मनात ठरवून गेले होते, त्यातलं काही आठवेना. त्यांनी ते पान काढून माझ्यापुढे ठेवलं. ‘सुधक्का, बेरीज बरोबर आहे. मी दोनदा तपासली.’ मग थोड्या वेळाने, ‘फक्त ती करायची नव्हती.’ या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. उलट मी आले की चहा स्वतः करून आणत.

निवृत्तीनंतर ते बाहेर फारसे पडत नसत. संध्याकाळी वीज गेली की ताई मेणबत्ती शोधायला उठायची, तर म्हणत, ‘असू दे, बस थोडी.’ लोक घरोघर इनव्हर्टर बसवायला लागले होते. मी त्यांच्यासाठी दोन-तीन दुकानांतून दर आणले, तुलना करून दिली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘छान केलंयस.’ इनव्हर्टर काही घेतला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर ताईने मला त्यांची खोली आवरायला बोलावलं. कागद लावणं हे माझंच काम, यात कुणाला शंका नव्हती. टेबलाच्या खणात पाच जोडकार्डं निघाली, ज्यातलं एक कार्ड मजकुराचं आणि दुसरं उत्तरासाठी कोरं असतं ती. सगळी मल्लप्पाची, कन्नडमधली. माझं कन्नड वाचन हळू, म्हणून ताईने वाचली. नोटीस आली आहे, साहेब, काय करावं. शेजारच्यांनी सही केली, आम्ही तुमच्या सांगण्यासाठी थांबलो आहोत. तुम्ही आमच्या घरी जेवला आहात, तुम्ही सांगाल ते खरं. प्रत्येक कार्डाच्या कोऱ्या भागावर भाऊजींनी वर तारीख घातली होती, ‘मल्लप्पा अण्णांना नमस्कार’ असं लिहिलं होतं, आणि त्याखाली काहीच नव्हतं. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर टाकणारा माणूस होता तो. ताई म्हणाली, ‘मला वाटायचं हे इथे बसून हिशेब सोडवतायत.’

आम्ही खोलीत असतानाच पोस्टमन सहावं कार्ड देऊन गेला. मल्लप्पाने लिहिलं होतं की सही केली. घर युगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, राहील, नंतर पाडायला यंत्र येणार आहे. साहेबांवर राग नाही, त्यांचंही वर कुणी ऐकलं नसेल. गंगव्वा म्हणते, चूल आहे तोवर साहेबांनी एकदा जेवून जावं.

त्या दिवसापासून रोजच्या यादीत माझी पहिली ओळ तीच राहिली, मल्लप्पाला उत्तर. दोन गोष्टी कळवायच्या होत्या. साहेब गेले, आणि ती बेरीज माझी होती. पहिली लिहून दुसरी न लिहिणं मला जमत नव्हतं, आणि दुसरी कन्नडमध्येच काय, मराठीतही कशी लिहायची ते सापडत नव्हतं. रोज रात्री मी ती ओळ न खोडता दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवली. युगादी मागच्या आठवड्यात झाली.

परवा शेवटी मी भाऊजींच्या टेबलाशी बसून सहाव्या कार्डाच्या कोऱ्या भागावर दोन्ही लिहिलं. सात ओळी झाल्या. मग कार्ड उलटं केलं. जोडकार्ड पाठवणारा उत्तराच्या भागावर आपला पत्ता आधीच लिहून देतो. मल्लप्पानेही दिला होता, सुवाच्य अक्षरात... नाव, विहिरीजवळचं घर, गाव, तालुका.