हिरवा ठिपका

आमच्या भाषांतराच्या ऑफिसात नऊ माणसं. त्यातल्या एकाला आम्ही ‘वायर’ म्हणायचो, कारण काहीही बंद पडलं की त्याच्याच नावाने बोटं मोडायची. साहेबांनी सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं तेव्हा व्हीपीएन त्यानेच उभारलं. घरचा कॉम्प्युटर जोडला की ऑफिसच्या फाइली उघडायच्या आणि साहेबांच्या स्क्रीनवर आपल्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा. ठिपका म्हणजे हजेरी.

वीस मिनिटं काही हालचाल नसली की जोडणी आपोआप तुटायची. चहाला उठलं तरी गैरहजर? आम्ही वायरचं डोकं खाल्लं. सगळ्यांत जास्त भांडली टायपिस्ट मावशी. ती एकटी राहायची, गुडघे गेलेले, उठता-बसता वेळ जायचा. शेवटी वैतागून वायरने ते तुटणं बंद करून टाकलं.

सोमवारी साहेबांचा सगळ्यांना मेल: “मावशींचा ठिपका शुक्रवारपासून विझलेला नाही. बाकीच्यांनी जरा लाज बाळगावी.” आम्ही मावशीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. फोन कुणीच केला नाही.

बुधवारी वायरच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत तिने एकही फाइल उघडलेली नाही. तो तिच्या घरी गेला. शेजाऱ्यांनी दार फोडलं. मावशी खुर्चीतच होती, कीबोर्डशेजारी डोकं टेकून, शुक्रवारपासून.

परत आल्यावर वायरने कुणाला न विचारता वीस मिनिटांचा नियम पुन्हा चालू केला. तासाभरात पहिली तक्रार आली.

ती माझी होती.