पांढरी

उदगीरच्या स्टेशनात गाडी हलली तेव्हा माय खिडकीचा गज धरून चार पावलं चालली. "पोहचलास की सांग, पांढरी कशी हाय ते," एवढंच म्हणाली. आमच्या देवणी भागात शेत ती काळी, आणि घरं उभी असतात ती पांढरी. मी घराण्यातला पहिला पदवीधर, सीमेवरच्या दलात अधिकारी होऊन निघालेला. तिला काळजी राहायच्या जागेची.

त्यानंतर पांढऱ्या लई बदलल्या. क्वार्टर मिळालं की दारावर माझ्या नावाची पितळी पाटी लावायची, बदली आली की स्क्रू काढून ट्रंकेत टाकायची. बायको सुनीता नायगावची. ती म्हणते, आपल्या संसारात जुनं असं ती पाटीच.

एकदा बर्फाच्या भागात होतो. मायनं फोनवर तेच विचारलं. फोन मुलीच्या, मुक्ताच्या हातात होता. ती छावण्यांतच वाढलेली. "आजी, सगळं पांढरंच पांढरं आहे! बर्फ!"

"न्हाई गं बाई, घराची जागा विचारून राहिले."

मागच्या पावसात गावातलं आमचं माळवद, मातीच्या छताचं जुनं घर, बसलं. धाकटा भाऊ मायला घेऊन शेतातल्या आखाड्यावर, गुरांजवळच्या खोपीत राहायला गेला. चुलतभाऊ ज्ञानोबानं मोकळी जागा मागितली. "दादा, तू थोडाच येणार हायस? माझ्या जनावरांना गोठा तरी होईल." त्याचं खोटं नव्हतं. मागच्या महिन्यात नव्या पोस्टिंगवर जाताना सामानसुमानासह गावी उतरलो, ते हो म्हणायच्या तयारीनंच.

जागेवर ढिगारा उपसलेला, वर गवत. माय मुक्ताला म्हणाली, "ही तुझी पांढरी."

मुक्तानं माती चिमटीत घेतली. "ही तर खाकी आहे. पप्पांच्या वर्दीसारखी."

"मग पप्पाचीच झाली की!" माय हसली. ज्ञानोबाही हसला, आणि माझ्याकडं बघून एकदम थांबला. त्याला कळलं होतं.

"जागा न्हाई देत, ज्ञानोबा," मी म्हणालो. त्याला वाईट वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रंकेतली पाटी काढली, बाभळीचा खांब रोवला आणि त्यावर ठोकली. ज्ञानोबा येऊन बोललाच, "भिंतीचा पत्ता न्हाई अन् साहेबाची पाटी आधी!" पण खांब हलत होता, तो त्यानंच दगड ठोकून घट्ट केला.

गाव धरून राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांना सांगतो, घर कधी बांधेन ते ठाऊक नाही. इथं नव्या क्वार्टरच्या दारावर मुक्तानं वहीचा कागद चिकटवलाय, त्यावर माझं नाव. येणारे जवान विचारतात, साहेब, पाटी कुठंय?

पाटी घरी आहे.