पुंजाबाबांचे खिशातले हात

पुंजाबाबा गावित सुरगाण्याच्या डोंगरातून एका हंगामापुरते लासलगावला आले आणि बत्तीस वर्षं कांद्याच्या गोण्या उचलत राहिले. त्यातली अठरा वर्षं ते हमालांच्या टोळीचे मुकादम होते. त्यांच्या टोळीत कुणाची कंबर गेली नाही. हे ते स्वतःहून सांगत नसत. विचारलं तर दोनदा सांगत.

हमाली सोडल्यावर एकदा ते जुनी पोती द्यायला लताबाईंच्या स्टुडिओत गेले. पत्र्याखालच्या एका लांब खोलीत दिव्यांग चित्रकार काम करायचे. एक जण पाण्याची बादली वाकून उचलत होता. बाबांना बघवेना. त्यांनी त्याला गुडघ्यात बसायला लावलं आणि मग रोजच जाऊ लागले.

"बाबा, पुढं हे स्नेहलनं चालवायचंय," लताबाई म्हणाल्या. "तिला तयार करा."

"मला सरळ रेघ ओढता येत नाय."

"रेघा तिला येतात. टोळी कशी चालवायची ते शिकवा. फक्त शिकवताना हात खिशात. उचलायचं त्यांनीच."

ही अट बाबांना भरल्या गोणीपेक्षा जड गेली.

स्नेहल तिथलीच चित्रकार, सव्वीस वर्षांची. एका काखेत कुबडी. आवाज असा की शेजारची मांजर उठायची नाही. बाबांचा पहिला धडा होता, ओझं उचलण्याआधी ते न्यायची वाट बघून यायची. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

"लिहू नको. चाल," बाबा म्हणाले.

स्टुडिओला पैसे देणाऱ्या संस्थेच्या कमिटीला तिचा भरवसा नव्हता. नाशिकच्या प्रदर्शनात मोठं चित्र चार वाजेपर्यंत लागलं तर स्टुडिओ स्नेहलकडे, नाही तर बाहेरचा मॅनेजर, असं ठरलं होतं.

चित्र खरंच मोठं होतं. पोती शिवून बांबूच्या चौकटीवर ताणलेली, त्यावर कांद्याचा लिलाव. मोतीरामला दिसत नाही. त्यानं हातानं चाचपत खऱ्या सालींची कांद्याची रास चिकटवली होती. चैतालीला ऐकू येत नाही. तिनं अकरा व्यापारी काढले आणि अकराही जणांची तोंडं उघडी ठेवली. चाकाच्या खुर्चीवरच्या धनराजनं ट्रॅक्टर रंगवले होते.

निघायच्या दिवशी दुपारी ट्रक दारात आला आणि स्नेहलनं टेप लावली. दार सात फूट उंच. चित्राची चौकट साडेसात.

"साडेसाती म्हणतात ती हीच," धनराज म्हणाला.

गुंडाळावं तर सालींचा चुरा झाला असता.  तीन महिने बाबांनी सगळ्यांच्या कंबरा बघितल्या होत्या, दार बघितलं नव्हतं. वाट बघून या म्हणणारा माणूस तो हाच.

स्नेहलनं एक दोरी दाराच्या खालच्या कोपऱ्यातून वरच्या समोरच्या कोपऱ्याला लावली. मग तीच चित्राच्या उंचीला लावली. दोरी वीतभर जास्त भरली.

"कलती करून काढायची," ती म्हणाली. "खालची कड धनराजच्या खुर्चीच्या पायपट्टीवर. खुर्ची म्हणजे आपली हातगाडी."

मोतीराम पुढं, चैताली मागं. स्नेहलनं हाक दिली. मोतीरामनं उचललं, चैतालीनं नाही, आणि चौकट धनराजवर कलंडली. मग तिनं हात वर केला. चैतालीनं उचललं, मोतीराम हसऱ्या चेहऱ्यानं उभाच.

"मला कुणी बोलवलं का?" त्यानं विचारलं.

धनराज हसायला लागला. त्याच्या गुडघ्यांना टेकलेली चौकट हलायला लागली. ती हलली म्हणून चैतालीला हसू आलं.

"खाली ठेवा," बाबा म्हणाले. "हसत ओझं उचलायचं नाय."

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. स्नेहल थरथरणाऱ्या चौकटीकडे बघत राहिली. मग कुबडी उलटी धरून तिनं बांबूवर दोन ठोके दिले. सगळ्यांचे हात बांबूवरच होते. तिघांनी एकदम माना वर केल्या.

"दोन ठोके, उचला. तीन, चाला. एक, थांबा." चैतालीला तिनं बोटांनी सांगितलं.

टक टक. चौकट उठली. हाक नाही, आरडाओरडा नाही. बाबांनी बत्तीस वर्षांत असं उचलणं बघितलं नव्हतं.

अर्ध्या दारात वरचं टोक डुलायला लागलं.

"बाबा, हात काढा. वरचा कोपरा धरा."

"लताबाईंची अट..."

"लताबाई नाशिकला हायेत. आणि मी ठोकल्याबिगर हलायचं नाय."

बाबांनी कोपरा धरला आणि सवयीनं लगेच पुढं ओढला. टक. सगळे थांबले.

"कोण हललं?" मोतीरामनं विचारलं.

"नवा माणूस हाय," धनराज म्हणाला. "सांभाळून घ्या."

बाबांचे कान तापले. मग पोट हलायला लागलं. हसत ओझं उचलायचं नाय हे त्यांनी मनात तीनदा म्हटलं, तरी थांबेना. तसंच हसत ते बाहेर पडले. एक साल गळली. ती मोतीरामच्या केसात सापडली.

ट्रकमध्ये टोळी चौकट धरून मागंच बसली. ओझरच्या पुढं बांबूवर दोन ठोके पडले. बाबा तटकन उठले. मोतीराम उठला. धनराजनं कड उचलली. स्नेहल तर पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी होती. चैताली तोंडावर ओढणी धरून गदगदत होती.

साडेतीनला ते हॉलवर पोचले. कमिटीचे अध्यक्ष पायरीवर उभे होते. त्यांनी कुबडीकडे बघितलं.

"चार माणसं देऊ का उचलायला?"

"टोळी हाय," स्नेहल म्हणाली. हॉलच्या दाराची उंची तिनं वाटेतूनच फोन करून विचारून घेतली होती. नऊ फूट.

तिनं कुबडी उलटी केली. बाबांनी कोपरा धरला, गुडघ्यात बसले आणि ठोक्यांची वाट बघू लागले.

टक टक.

या वेळी ते सगळ्यांच्या बरोबर उठले.